बोलका करंडा

"राणीसाहेबांच्या सोन्याच्या करंड्याचं नाव तुझ्या बांबूच्या टोपलीला? एवढी हिंमत!" गंभीरराजे गरजले.

झालं होतं एवढंच. राणीसाहेबांच्या कुंकवासाठी सोन्याचा करंडा घडवला, आणि राजानं दवंडी पिटवली, यापुढे करंडा म्हणायचं ते फक्त सोन्याच्या डबीला! सटवाजी बुरूड मात्र सवयीनं भर बाजारात ओरडला, "करंडे घ्या, झाकणाचे करंडे!" शिपायांनी त्याला उचललं, त्याचा कोयताही जप्त केला. बुरडाचा कोयता गेला म्हणजे हातच गेले की हो!

सटवाजीची लेक येसू काखोटीला बापाचा एक करंडा मारून तडक दरबारात आली.

"महाराज, नाव आमचंच आहे. तुमच्याकडे मागाहून आलं."

"असं? मग माझ्या करंड्याकडूनच वदवून घे! बोलला तर बाप सुटला. नाही बोलला, तर कोयता कायमचा गेला."

दरबारी खो-खो हसले. सोन्याची डबी कधी बोलते का!

"बोलेल की! जरा हातात तर द्या. हात धुऊनच आलेय, घाबरू नका!"

येसूनं करंडा उजेडात फिरवला. अंगभर विणीची नक्षी, एक पट्टी वरून, एक पट्टी खालून. ज्यांनी तो घडवला ते दाजी सोनार शेजारीच मिरवत उभे होते.

"दाजीकाका, ही वीण कशाला कोरलीत? सोनं उसवत होतं का?"

दाजी गडबडले. "अगं, रीतच आहे ती. माझा बाप कोरायचा, आजा कोरायचा. त्याशिवाय करंडा वाटतच नाही!"

"पण का?"

"ते... कुणी विचारलंच नाही बुवा!"

येसूनं काखेतला करंडा सोन्याच्या करंड्याला टेकवून ठेवला. तीच वीण, तोच पिळाचा काठ, झाकणही तसंच फुगीर!

"महाराज, विणल्याशिवाय बांबू उभा राहत नाही. सोन्याला विणायची गरजच काय? लेक राजाघरी पडली, शालू नेसली, तरी कपाळावरचं माहेरचं गोंदण पुसतं होय? तुमचा करंडा मघापासून बोलतोय. ऐकायलाच कुणी तयार नाही!"

राजानं दोन्ही करंडे उलटेपालटे करून पाहिले आणि मांडीवर थाप मारून हसत सुटला.

"बोलला! भर दरबारात, तोही माझ्याच विरुद्ध!"

"अहो, म्हणजे ही तर आपली विहीण झाली," राणीसाहेब म्हणाल्या. "विहिणीला रिकाम्या हातानं धाडतात का?"

बाप सुटला, चांदीची मूठ बसवून कोयता परत आला, वर येसूला पैठणी. शिवाय राणीसाहेबांनी तिला कुंकू लावलं, ते बांबूच्या करंड्यातलं!