म्हशीचं पुस्तक आणि ओलं गोणपाट

एका गावात कुठलीच वस्तू पारखल्याशिवाय उंबरठ्याच्या आत येत नसे. मडकं घेताना लोक ते बोटाने वाजवून बघत. बैल घेताना त्याला चालवून बघत. दोर घेताना दोघेजण दोन बाजूंनी ओढत, आणि दोर तुटला तर दोघे दोन बाजूंना पडत. मुलगी बघायला आलेल्या नवऱ्यामुलालासुद्धा आधी आडातून दोन घागरी पाणी शेंदायला लावत, मग गूळपाणी देत.

या गावात पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवणाऱ्या एक बाई होत्या. जीव लावून शिकवायच्या. फक्त त्यांच्या जिवाला स्वस्थता अशी नव्हती. चुलीवर भात ठेवला की दहादा झाकण काढून बघायच्या, त्यामुळे त्यांचा भात कायम अर्धकच्चा. माहेरी पत्र टाकलं की दुसऱ्या दिवसापासून उत्तराची वाट बघत दारात उभ्या. मुलं त्यांना भीत नसत, पण बाई जवळ आल्या की मुलांनाही उगीच घाई व्हायची.

चावडीला लागून एक लहानशी खोली होती. बाईंनी सगळ्यांच्या मागे लागून ती मुलांच्या पुस्तकांसाठी मिळवली होती. मागच्या वर्षी पुस्तकवाला बैलगाडी घेऊन आला, तेव्हा पुस्तकं गावाने पारखली. वाण्याने ती हातावर तोलून पाहिली. शिंप्याने शिवण ओढून पाहिली. पाटलांनी प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडलं आणि तिथे उपदेश आहे ना याची खात्री करून घेतली. अशी जाड, टिकाऊ आणि सद्गुणी दहा पुस्तकं खोलीत आली. मुलांनी ती एकदा उघडली, मिटली आणि विटीदांडू खेळायला पळाली. वर्षभर त्या पुस्तकांमागे एक पाल सुखाने नांदली.

यंदा पुस्तकवाल्याची गाडी आली, तेव्हा पाटील बाईंना म्हणाले, "औंदा तुम्हीच निवडा. पण ह्यो पुस्तकवाला फिरून माघारी येईल त्या दिवशी मी खोलीत डोकावणार. पोरं रमलेली दिसली तर खोली तुमची. न्हाईतर कडबा ठेवायला आम्हाला जागा पायजेच हाय."

पुस्तकवाल्याने चित्रांची चाळीस पुस्तकं खोलीत उतरवली. मी वरच्या गावांना जाऊन आठव्या दिवशी येतो, तोवर यातली दहा निवडून ठेवा, बाकीची परत द्या, असं सांगून तो गेला.

बाईंनी एका दुपारी चाळीसच्या चाळीस वाचून काढली आणि त्यांची झोपच उडाली. एक चांगलं वाटावं, तोवर दुसरं त्याहून चांगलं वाटे. एक राजवाड्याचं पुस्तक होतं, पानापानावर सोनेरी वेलबुट्टी, ते तर त्यांनी छातीशीच धरलं. आणि एक होतं म्हशीचं. म्हैस डोहात बसते आणि काही केल्या बाहेर येत नाही, एवढीच गोष्ट. ना उपदेश, ना धड मोठी अक्षरं. ते बाईंनी परत द्यायच्या ढिगात टाकलं, मग उचललं, पुन्हा टाकलं. निवड चुकली तर खोली जाणार आणि खोली गेली तर मुलं पुस्तकाला कायमची मुकणार, या धास्तीने त्यांना एका जागी बसवेना. शेवटी त्या शेजारच्या आत्यांकडे गेल्या.

आत्या म्हणजे गावचं बियाणं राखणारी बाई. त्या वेळी त्या पडवीत शंभर जोंधळे मोजून ओल्या गोणपाटावर मांडत होत्या. मग त्यांनी गोणपाटाची हळूच गुंडाळी केली आणि सावलीत ठेवली. चौथ्या दिवशी उघडायचं, जेवढ्यांना कोंब फुटला तेवढं बी जिवंत, आणि त्यावरून कणगीतलं बी पेरायचं की नाही ते ठरवायचं, अशी त्यांची रीत.

बाईंची अडचण ऐकून आत्या म्हणाल्या, "पुस्तकाचं काय निराळं हाय? पोरांमधी टाका, ओल धरू द्या आन् कोंब येतोय का बघा."

बाईंना हे पटलं. आत्यांना तीन दिवस लेकीकडे जायचं होतं. जाताना त्यांनी बाईंना सांगितलं, की रोज सकाळी गोणपाटावर वरून पाणी शिंपडा. बाई मोठ्या आनंदाने हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चाळीस पुस्तकं खोलीत सतरंजीवर पसरली आणि मुलांना आत सोडलं. पहिलीतल्या सगुणीने नेमकं म्हशीचं पुस्तक उचललं आणि दुसऱ्याच पानावर खुदकन हसली. बाईंना काही राहवलं नाही. त्या लगेच तिच्याजवळ बसल्या. काय वाचलंस, हे अक्षर कुठलं, म्हैस पाण्यात किती वेळ बसली, यातून आपण काय शिकलो, असं त्यांनी एका दमात विचारलं. सगुणीचं हसू मावळलं. "म्हशीनं पाण्यात बसू नये," ती म्हणाली, आणि पुस्तक मिटून ठेवलं.

बाई तिथून उठून दुसऱ्याकडे गेल्या, मग तिसऱ्याकडे. दुसरीतला एक मुलगा अक्षरांना अडखळायचा, तो चित्रांवर बोट ठेवून स्वतःशी पुटपुटत होता. काय पुटपुटतोस ते मोठ्याने वाच, असं बाईंनी म्हणताच त्याने बोट काढून घेतलं. तिसऱ्या दिवसापर्यंत मुलं फार हुशार झाली. ज्यात सगळ्यात कमी पानं ते पुस्तक घ्यायचं, बाईंना हवं ते उत्तर द्यायचं आणि विटीदांडूला पळायचं. बाईंची पावलं वाजली की पुस्तकं पटापट मिटायची. बाईंनी पाटीवर यादी केली होती, तिच्यात चाळीसपैकी एकही पुस्तक पास झालं नव्हतं.

इकडे गोणपाटाचंही तेच. सकाळी पाणी शिंपडलं की बाईंना वाटे, बघावं तरी जरा. त्या गुंडाळी उघडत. शाळेत जाताना पुन्हा उघडत, शाळेतून येताना पुन्हा. एकदा तर दाणे मऊ झाले का म्हणून त्यांनी चिमटीत धरून दाबूनही पाहिले. दुपारच्या उन्हात गोणपाट कितीदा उघडं राहिलं, ते त्यांनाही आठवत नव्हतं.

चौथ्या दिवशी आत्या परतल्या आणि त्यांनी गुंडाळी सोडली. शंभरातले जेमतेम तीस दाणे फुटले होते. काहींचे कोंब मोडून वाळले होते. आत्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, की हे बी सासूने त्यांच्या ओटीत घातलं होतं, इतकी वर्षं राखलं आणि आता त्यांच्या हातून मेलं. कणगीतला जोंधळा आज दळायला काढायचा, दुसरं काय.

बाई गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. पण आत्या कणगीचं झाकण काढायला उठल्या, तेव्हा बाईंनी त्यांचा हात धरला आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

आत्यांनी आधी कपाळावर हात मारला. मग त्या कणगीला टेकून खाली बसल्या आणि सुटका झाल्यासारख्या हसल्या. "म्हंजी बी नापास झालं न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "तुमचा हात नापास झाला."

बाईंना पाटीवरची यादी आठवली. आत्यांनी नवे शंभर दाणे मोजायला घेतले आणि बाई घरी गेल्या. जाताना गोणपाटाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पाचव्या दिवशी खोलीत मुलं आली, तेव्हा बाई कोपऱ्यात सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. हात गुंतले म्हणजे तोंड आवरेल, असा त्यांचा हिशेब. आवरणं सोपं नव्हतं. मुलांनी पुस्तक उलटं धरलं की बाईंचे हात शिवशिवत. कुणी चार पानं एकदम उलटली की त्या ओठ चावत. तांदळातला शेवटचा खडा निघाल्यावर त्यांनी तोच तांदूळ पुन्हा निवडायला घेतला. मुलं त्यांच्याकडे चोरून बघत राहिली आणि फारसं काही न वाचता गेली. बाईंना रात्रभर कडबाच दिसत होता.

सहाव्या दिवशी सगुणीने म्हशीचं पुस्तक पुन्हा घेतलं. बाईंनी मान वर केली नाही. सगुणीने ते एकदा पाहिलं, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिलं, मग शेजारणीला ओढून दाखवलं. म्हैस का उठत नाही यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. एकीचं म्हणणं तिला उकडतंय, दुसरीचं म्हणणं ती रुसलीय. सातव्या दिवशी तो अडखळणारा मुलगा चार लहानग्यांना समोर बसवून चित्रांवरून गोष्ट सांगत होता. पुस्तकात नसलेला एक वाघसुद्धा त्याने त्यात घातला होता. दोन पुस्तकांना चिंचेने माखलेल्या बोटांचे डाग पडले, एकाचा कोपरा दुमडला. राजवाड्याचं पुस्तक मात्र होतं तसं चकचकीत राहिलं. त्याला कुणी हात लावला नाही, याचं बाईंना वाईट वाटलं.

आठव्या दिवशी पाटील आले, मागोमाग पुस्तकवाला. खोलीत इतका गलका होता, की पाटील दारात आलेले कुणाला कळलंच नाही. पाटलांनी सगुणीच्या मांडीवरचं पुस्तक घेतलं आणि सवयीने थेट शेवटचं पान उघडू लागले. सगुणीने त्यावर आपला पंजा दाबून धरला.

"शेवटचं आधी न्हाई बघायचं," ती म्हणाली.

पाटलांच्या कपाळाला आठी पडली. "बरं. मग यातनं शिकलीस काय, ते तरी सांग."

बाईंच्या जिभेवर उत्तर अगदी तयार होतं. मुक्या जनावरावर माया करावी, एवढं सगुणीच्या कानात सांगितलं की काम झालं असतं. बाईंनी दोन्ही हात तांदळात खुपसले आणि खाली बघत राहिल्या.

सगुणीने पाटलांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, तुमची म्हस पाण्यातनं उठत न्हाई, तवा तुम्ही काय करता?"

पाटलांची म्हैस गेल्याच आठवड्यात दिवस मावळेस्तोवर ओढ्यात बसून राहिली होती आणि हे सगळ्या गावाने पाहिलं होतं. पाटील रागावणार असं बाईंना वाटलं. पण ते धोतर सावरत सतरंजीवर बसले आणि म्हणाले, की लांबून सरकी दाखवायची. सगुणीने पान उलटलं, सरकी दाखवून झाली होती. मग शेपूट पिळायची, पाटील म्हणाले. पुढच्या पानावर तेही झालं होतं. बाकीची मुलं भोवती गोळा झाली. पाटलांनी पुस्तक जरा जवळ ओढलं.

"मग पुढं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच बघा," सगुणी म्हणाली आणि पंजा उचलला.

पाटलांनी पान उलटलं. बाईंनी सूप खाली ठेवलं, कारण डोळ्यांतल्या पाण्यामुळे त्यांना तांदूळ दिसत नव्हता.

कडब्याला दुसरी जागा मिळाली. डाग पडलेली, कोपरे दुमडलेली दहा पुस्तकं खोलीत राहिली आणि राजवाडा बैलगाडीत बसून परत गेला. संध्याकाळी आत्यांनी दुसरं गोणपाट सोडलं, तर शंभरातले ब्याण्णव दाणे फुटले होते. त्या दिवशी बाईंनी चारदा निवडलेला तांदूळ शिजायला घातला आणि झाकण एकदाच काढलं. भात मऊ झाला होता.

तात्पर्य: बी ओलीत ठेवावं, मग आपला हात आवरावा. हे मोठ्यांनी ध्यानात ठेवायचं; गोष्ट संपल्यावर मुलांना विचारायचं नाही.