पाटीवरचा नववा

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध मिस्त्री राहत होता. दृष्टांतातल्या माणसांना बहुधा नावे नसतात. या गोष्टीतही मिस्त्री हा मिस्त्री, शिष्या ही शिष्या आणि व्यापारी हा व्यापारी. नाव आहे ते एकट्या मन्मथला, आणि तो गोष्ट सुरू होण्याच्या वीस वर्षे आधीच वारलेला आहे.

मिस्त्रीचे एके काळी बस स्टँडमागे व्हिडिओ गेमचे दुकान होते. छातीइतक्या उंचीची चार लाकडी खोकी, प्रत्येकात एक काचेचा पडदा, एक दांडी आणि चार बटणे. नाणे टाकायचे आणि मरेपर्यंत खेळायचे. खेळ संपला की यंत्र पहिल्या दहा खेळाडूंची यादी दाखवी, आणि त्या दहांत बसलेल्या पोराला तीन इंग्रजी अक्षरांत आपले नाव कोरायची मुभा देई. पण त्या काळी गावात रोज भारनियमन. वीज गेली की यंत्र सगळे विसरे. परत आली की कारखान्यात भरलेली खोटी नावे पुन्हा पडद्यावर येत. पोरे रडकुंडीला यायची. म्हणून मिस्त्रीने प्रत्येक खोक्यावर शाळेतली एकेक दगडी पाटी टांगली होती. वीज जायच्या वेळेआधी तो खडूने दहाही नावे आणि गुण पाटीवर उतरवून घेई, पूर्ण नावे, मराठीत. पोरांचा पडद्यापेक्षा पाटीवर अधिक विश्वास होता.

त्या गावात मटक्याचे तीन अड्डे होते. शाळेच्या वाटेवर दारूची दोन दुकाने होती. त्यांच्याविरुद्ध कोणी कधी अर्ज केला नाही. अर्ज झाला तो पाटीवाल्या दुकानाविरुद्ध. तरुण पिढी बिघडते म्हणून. अर्जावर पहिली सही गावातल्या मोठ्या अडत व्यापाऱ्याची होती. सही करून तो थांबला नाही. स्वतः दुकानात आला, यंत्रासमोर उभ्या असलेल्या आपल्या मुलाला, मन्मथला, सगळ्यांदेखत मुस्काटात मारली आणि मान धरून घेऊन गेला. आठवड्याभरात पोलिसांनी येऊन शटर खाली ओढले. मन्मथला दूरच्या शहरात शिकवणीला ठेवले. तिथे दुसऱ्या वर्षी वसतिगृहात त्याला ताप आला. बाप पोहोचला तेव्हा तोंडावर चादर ओढलेली होती.

शटर पडल्यापासूनची बावीस वर्षे मिस्त्रीने पंखे आणि मिक्सर दुरुस्त केले.

अलीकडे त्याच्याकडे एक शिष्या येऊ लागली होती. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेली, हाताने हुशार, तोंडाने फटकळ. तिने एक दिवस तळहाताएवढा संगणक त्याच्यासमोर ठेवला. एकच हिरवी पट्टी; तिच्यावर सगळे.

"मामा, तुमची चारही खोकी यात मावतात."

"खोकी मावतील. पोरं कुठं मावायची?" म्हातारा म्हणाला, पण त्या दिवशी त्याने मिक्सरला हात लावला नाही.

दोघांनी प्लायवूड कापले. जुन्या मापाचा उतार, जुन्या मापाची उंची. दांडी तिने चार वेळा बदलली, कारण म्हाताऱ्याला तिचा आवाज पटत नव्हता. "कट्ट वाजलं पाहिजे. खट्ट नाही." बटणांच्या तारा त्या हिरव्या पट्टीला जोडल्या. कोणत्याही नव्या कामाला हात घालण्याआधी जुन्याची नक्कल वेगळी ठेवायची, हा त्याचा एकमेव कडक नियम होता आणि ती तो पाळत असे. आठ महिन्यांनी यंत्र उभे राहिले. हे यंत्र वीज गेली तरी काही विसरत नव्हते. शिष्येला त्याचाच सर्वांत मोठा अभिमान होता.

बातमी व्यापाऱ्यापर्यंत गेली. तो आता सत्तरीला आला होता. मुलाच्या नावाने त्याने स्मशानाची कमान बांधली होती, पाणपोई बांधली होती, आणि आता बालवाचनालय बांधले होते. कमानीखालून लोक मान खाली घालून जात, पाणपोईचा नळ तुटला होता, आणि संगमरवरावरचे नाव वाचायला कोणी थांबत नसे. तो मिस्त्रीच्या दारात उभा राहिला, आत आला नाही, शिष्येशीच बोलला.

"हे यंत्र मला वाचनालयात पाहिजे. यादीत पहिलं नाव माझ्या मन्मथचं. तो पहिला होता. आणि त्याला कुणी खाली आणायचं नाही. कधीच नाही. जमेल का?"

"त्यात काय अवघड, शेठजी?" शिष्या म्हणाली.

मिस्त्री पंख्याचे पाते पुसत राहिला.

तिने यंत्राच्या आज्ञावलीत चार ओळी लिहिल्या. पहिल्या जागी मन्मथच्या नावाची तीन अक्षरे आणि गुणांच्या घरात जेवढे मावतील तेवढे नऊ. दिवसभरात कोणी काही पराक्रम केलाच, तरी सकाळी यंत्र सुरू होताना जुनी यादी पुसून तीच यादी पुन्हा लिहिली जाणार. खालच्या नऊ जागा कोऱ्या. काम चोख होते.

म्हाताऱ्याने एक दिवस खेळून पाहिले. बोटे वाकडी झाली होती, पण खालच्या जागा कोऱ्याच असल्याने दुसरा आला. आपली तीन अक्षरे कोरली. सकाळी यंत्र सुरू केले, नाव नव्हते. पुन्हा खेळला, पुन्हा कोरले. सकाळी पुन्हा नव्हते. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, "माझं नाव कुठं जातं गं?"

तिने समजावून सांगितले, जरा ऐटीतच.

"म्हणजे वीज न जाताच विसरतं," म्हातारा म्हणाला. तिला ते लागले. पण म्हाताऱ्यांना नव्याचे कौतुक नसते, असे तिने मनाचे समाधान करून घेतले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी व्यापारी यंत्र पाहायला आला. वाचनालयाच्या दारावर फुगे बांधून झाले होते, आमदारांची वेळ घेतली होती. या वेळी तो मिस्त्रीच्या दुकानात आत आला. पडद्यावर पहिल्या जागी मुलाची अक्षरे पाहून त्याचा हात काचेकडे गेला.

तेवढ्यात मिस्त्री उठला. त्याने भिंतीतला प्लग उपसला. खोक्याची मागची फळी उघडली, हिरव्या पट्टीतून नखाएवढे मेमरी कार्ड चिमटीने ओढले आणि दोघांसमोर त्याचे दोन तुकडे केले.

"मामा!" शिष्या किंचाळली. "वेड लागलं का तुम्हाला? उद्या कार्यक्रम आहे!"

व्यापाऱ्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. "बावीस वर्षं धरून ठेवलंस होय रे? दुकान बंद केलं म्हणून माझ्यावर, माझ्या मेलेल्या पोरावर सूड? पोलिसात देतो तुला, थांब!"

"द्या की, मालक. त्यांना वाट माहीत आहे," म्हातारा म्हणाला. आणि आतल्या खोलीत गेला.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले काही होते. त्याने ते टेबलावर ठेवून सोडले. दगडी पाटी. खडूची अक्षरे फिकट झाली होती, पण वाचता येत होती. बावीस वर्षे त्याने तिच्यावर ओला हात फिरू दिला नव्हता.

"तुम्ही त्याला घेऊन गेलात, त्या संध्याकाळची यादी. वाचा."

व्यापाऱ्याने चष्मा चढवला. पहिली आठ नावे त्याने भराभर मागे टाकली; मग बोट थांबले. नऊ. मन्मथ. अठ्ठेचाळीस हजार तीनशे पन्नास.

"नववा?" तो म्हणाला.

"नववा. चाळीस-पन्नास पोरं यायची माझ्याकडे. त्यांत तीन महिने झटून नववा. तुम्ही आलात, त्याच्या आधी दोन मिनिटं."

व्यापारी खाली बसला. मग तो पाटीशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तो मागं वळला होता. हसत होता. म्हणाला, अप्पा, माझं नाव लागलं. एवढंच म्हणाला. मी... कितवा ते विचारलंच नाही."

मग त्या थकलेल्या डोळ्यांत पुन्हा हट्ट आला. "असू दे नववा. आता पहिला केला तर कुणाचं काय जातं? मेलेल्या लेकराला एवढंही द्यायचं नाही?"

तेव्हा तो वृद्ध म्हणाला, "मालक, जिवंतपणी त्यानं जे मिळवलं ते तुम्हाला पुरलं नाही, आणि मेल्यावरही पुरत नाही. नऊ-नऊ आकडे लावून तुम्ही त्याचा नववा नंबर पुसताय, आणि त्याचं स्वतःचं म्हणून तेवढंच या गावात उरलंय. शिवाय त्याचं नाव टिकावं म्हणून रोज सकाळी दुसऱ्यांच्या लेकरांची नावं पुसायची. तीही घरी जाऊन म्हणणार ना, आज माझं नाव लागलं? दुसऱ्या दिवशी बापाला दाखवायला आणतील, तर पाटी कोरी. चार दिवसांत पोरं ओळखतील की इथं कुणाला जिंकता येत नाही. मग त्या नावाकडं कोण बघणार? तुमची कमान कोण बघतं?"

व्यापाऱ्याने मान वर केली. "आणि खऱ्या आकड्यावर ठेवला तर? कुणीही येऊन मागं टाकील. दोन पोरं पुढं गेली की यादीतून जाईल. मग काय उरलं?"

"जाईल," म्हातारा म्हणाला. त्याने गोड बोलायचा प्रयत्न केला नाही. "जाईलच तो. पण ज्याला ओलांडायचं त्याचं नाव आधी वाचावं लागतं, मालक. रोज वाचावं लागतं. त्याच्या नावानं दात-ओठ खावे लागतात. पोरांत पोरगा म्हणून राहायचं तर असंच राहता येतं. दुसरी रीत मला ठाऊक नाही."

बाहेर वाचनालयाचा फुगेवाला पैशांसाठी हाका मारत होता.

शिष्या उठली. चार ओळी लिहिण्याआधी ठेवलेली नक्कल तिच्या खणात होती; म्हाताऱ्याने मोडले ते तेवढ्या चार ओळींपुरतेच, हे तिच्या आता ध्यानात आले. आठ महिने तिने विसरत नाही असे यंत्र घडवले होते, आणि एका दुपारी, मान मिळेल म्हणून, स्वतःच्या हाताने त्याला विसरायला शिकवले होते. तिने नव्या कार्डावर नक्कल उतरवली. मग म्हणाली, "मामा, बाकीची आठ नावं सांगा. आणि दहावंही."

म्हाताऱ्याने पाटी वाचली. तिने दहाही नावे भरली, मूळ आकड्यांसह. नवव्या नावाशी तिने व्यापाऱ्याकडे पाहिले. त्याने होकार दिला नाही, नकारही दिला नाही.

उद्घाटन झाले. आमदारांनी भाषणात मन्मथला "सदैव प्रथम" म्हटले, टाळ्या पडल्या. पाटी मिस्त्रीने यंत्राशेजारी खिळ्याला टांगली होती. तिच्याकडे मंचावरच्या कोणाचेही लक्ष गेले नाही.

लक्ष गेले ते पोरांचे. पहिल्या आठ नावांच्या वाटेला कोणी जाईना. पण नववा हाताच्या टप्प्यात होता. व्यापारी रोज दुपारी येऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसे. एकदा कोणी नसताना त्याने स्वतः दांडी धरली. पहिल्याच वळणावर मेला. पुन्हा धरली, पुन्हा मेला. त्यानंतर तो पाटीवरच्या त्या आकड्याकडे अधिक वेळ पाहू लागला.

तिसऱ्या आठवड्यात एक पोरगा नवव्याला ओलांडून गेला आणि मन्मथ दहावा झाला. त्यानंतर पाच दिवसांनी यंत्राभोवती गलका उठला. दोन वेण्यांची एक मुलगी टाचा उंचावून आपली तीन अक्षरे कोरत होती. यादी सरकली. मन्मथ पडद्यावरून गेला.

शिष्या तारा तपासायला आलेली होती. तिने बाकाकडे पाहिले. कळफलक तिच्या पिशवीत होता. एक ओळ पुरे होती. व्यापाऱ्याने तिचा हात पिशवीकडे जाताना पाहिला आणि नुसती मान हलवली. नको.

मग तो उठून त्या मुलीजवळ गेला. वाकून विचारले, "कुणाला मागं टाकलंस गं?"

"त्या मन्मथला, आजोबा!" ती धापा टाकत म्हणाली. "लई दिवस अडवून बसला होता."

बावीस वर्षांत ते नाव कोणा लेकराच्या तोंडून त्याने ऐकले नव्हते. तो पुन्हा बाकावर जाऊन बसला. बराच वेळ पोरे खेळत होती, तो ऐकत होता. निघताना त्याने पाटीवरच्या नवव्या नावावर बोट ठेवले, पुसले जाणार नाही इतके हलके, आणि वाचनालयाच्या फळ्याजवळच्या खडूने पाटीच्या लाकडी चौकटीवर, यादीच्या बाहेर, त्या मुलीचे नाव विचारून लिहिले.

शिष्येने पिशवीचा बंद ओढून घेतला.

ज्यांच्या नावाने आपण चौकाचौकांत कमानी उभ्या केल्या, त्यांतले कोणते नाव एखाद्या लेकराच्या तोंडी शेवटचे केव्हा ऐकले, हे पुढच्या कमानीची वर्गणी देण्यापूर्वी ज्याने त्याने आठवून पाहावे.