सुटलेलं सावज

"मग पान्यावर बसून मारल्यालं जनावर पापाचं, का न्हाई? तेवढं एकदा सांगून टाका, बुवा."

दौलत हे तिसऱ्यांदा विचारत होता. सकाळ झाली होती, पण तळ्यावर धुकं इतकं दाट उतरलं होतं की तीन हातांवर बसलेले केरबाबुवा त्याला धड दिसत नव्हते. धुक्यालाच विचारल्यासारखं वाटत होतं.

केरबाबुवा म्हणजे एके काळचे त्या रानातले एक नंबरचे माग काढणारे. ओल्या मातीतला खूर कसा वाचायचा, वारा कुठल्या गालाला लागला की थांबायचं, हे दौलतला आणि जिवबाला त्यांनीच शिकवलेलं. मग एक दिवस बंदूक टाकून ते तळ्याकाठच्या झोपडीत येऊन राहिले. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मागे उरले हे दोन चेले. वीस वर्षं शिकार वाहायच्या एकाच दांड्याला दोघांनी खांदा दिला, आणि या दिवाळीपासून बोलणं बंद. कारण म्हटलं तर एवढंसं. जिवबाला पाणवठ्यावर दबा धरून बसायला आवडायचं. दौलत रान तुडवायचा आणि फक्त पळत्या जनावरावर बार टाकायचा. भर पंगतीत त्याने जिवबाला 'तहानेचा चोर' म्हटलं.

"मी आदी पोटभर पिऊ देतो त्येला," जिवबा म्हणाला होता. सगळे हसले. दौलत सगळ्यांत मोठ्याने. जिवबा ताटावरून उठला तो उठलाच.

आता दौलतला बुवांच्या तोंडून 'जिवबा चुकला' एवढे दोनच शब्द हवे होते. वीस वर्षांचा सोबती गेला होता, तो निदान बरोबर कारणासाठी तरी गेलेला असावा. नाहीतर हे छातीतलं ओझं कुठे उतरवायचं, ते त्याला कळत नव्हतं.

"जिवबा किती बार टाकतो?" धुक्यातून बुवांचा आवाज आला.

"एकच."

"मग?"

"मग काय... पडतंय जाग्यावर."

"आनि तुझं?"

"मी पळत्यावर टाकतो, बुवा. जनावराला संधी देतो. निम्मी पडत्यात."

"आनि निम्मी?"

"सुटत्यात."

"सुटत्यात..." बुवांनी शब्द जिभेवर घोळवला. "चांगला शब्द हाय."

दौलतला ती शाबासकी वाटली. सुखावला बिचारा.

बुवा उठले आणि काठाने चालू लागले. दौलत मागून निघाला. धुकं अजून तसंच दाट होतं. स्वतःचे पायही दिसत नव्हते, जमिनीवरून तरंगत चालल्यासारखं वाटत होतं. एका ओल्या चिखलापाशी बुवा थांबले.

"वाच."

हा तर दौलतच्या हातचा मळ. तो उकिडवा बसला. "सांबराची मादी. एकटीच. रोज येतीया पान्याला." त्याचं बोट खुरांवरून फिरू लागलं. "खूर रुतत न्हाई, म्हंजे खंगलीया. आनि पुढचा उजवा..."

तो थांबला. पुढच्या उजव्या खुराचा ठसाच नव्हता. त्या जागी मातीतून ओढत नेलेली एक रेघ होती.

"कवापासनं?"

खालच्या रेघा वाळून कडक झाल्या होत्या. त्यांच्यावर नव्या, ओल्या.

"पंधरा दिस..."

पंधरा दिवसांपूर्वी करवंदीच्या जाळीपाशी त्याने एका पळत्या मादीवर बार टाकला होता. ती कोलमडली, उठली आणि रानात शिरली. दिवस मावळायला आला होता. तो घरी गेला, बायकोला म्हणाला, सुटली. पोटभर जेवला आणि झोपला.

तेवढ्यात चिखलात काहीतरी घासत आल्याचा आवाज झाला.

धुकं जरासं हललं आणि ती दिसली. वीस पावलांवर. फासळ्या मोजून घ्याव्यात, अशी झालेली. खांद्याची जखम काळी पडून चिघळलेली. तिने दोघांकडे पाहिलं. भिण्याइतकी ताकद तिच्यात उरली नसावी. तिने मान खाली घातली आणि ती पिऊ लागली. तिच्या तोंडापाशी उठलेली वलयं हळूहळू दौलतच्या पायांपर्यंत येऊन पोचली.

बुवांनी त्याच्या बंदुकीला एक बोट लावलं. "ठासलीया न्हवं?"

दौलतने बंदूक मागे ओढली. "बुवा... पान्यावर उभ्या जनावरावर मी बार टाकत न्हाई."

"बरं," बुवा म्हणाले. ते खाली बसले आणि त्यांनी गुडघ्यांना मिठी घातली. "मग तिला पळायला सांग."

...

दौलतने बंदुकीच्या घोड्यावरचं फडकं सोडलं. नळी वर केली आणि तसाच थांबला. ती पीत होती. खांदा भरून आला, तरी तो थांबला.

पिऊन झाल्यावर तिने मान वर केली. ओठांवरून पाणी ठिबकत होतं.

बार झाला. कुठूनतरी बगळे उठले आणि दिसेनासे झाले. ती जागच्या जागी पडली.

दौलत तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. तिचा कान अजून ऊन होता.

"सुटली," तो म्हणाला, आणि पन्नाशीचा तो गडी हुंदके देऊन रडू लागला.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले. तिचे मागचे पाय धरले आणि तिला काठावर ओढायला लागला. ती हलेना. त्याने पुन्हा जोर लावला. पलीकडच्या काठावर, धुक्यात, जिवबाच्या घरचं कुत्रं भुंकत होतं.

"तुला एकट्याला न्हाई उचलायची ती," बुवा म्हणाले. "जिवबाला हाक मार."