देवकीकाकीचा दोर

फार वर्षांपूर्वी, म्हणजे किती ते मला विचारू नका, कारण मी आजोबांना विचारलं तेव्हा त्यांनीही "फार" एवढंच सांगून मला गप्प केलं होतं, आमच्या माडवेळ गावाला ना धक्का होता, ना दीपस्तंभ. वाळू होती, माड होते, होड्या होत्या आणि उंडीच्या झाडाखाली वाऱ्याची बैठक होती.

वाऱ्याची बैठक म्हणजे तीन म्हातारे तांडेल. ज्याच्या शब्दावर होडी चालते तो तांडेल. वय झालं, होडी मुलांकडे गेली, आणि हे तिघे झाडाखाली येऊन बसले. लाडोबा ढग बघायचा, निळू लाटा बघायचा आणि बाबल या दोघांची तोंडं बघायचा. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत विषय एकच, हवा. आज दव पडलं का, वीज कुठे चमकली, खेकडे बिळाबाहेर का आले. लग्नाच्या पंगतीत बसले तरी पानात भात पडेपर्यंत वाऱ्यावरून एक भांडण झालेलं असायचं. हसा, हसा. पण सगळ्या गावाचा जीव त्यांच्या हातात होता.

कारण झाडाशेजारी एक उंच काठी होती. तिला दोन आडवे हात होते, एक दक्षिणेकडे, एक उत्तरेकडे. वादळाची चिन्हं दिसली की डांबर फासलेली काळी पाटी दोराने वर चढवायची. वारा दक्षिणेकडून येणार असेल तर दक्षिणेच्या हातावर, उत्तरेकडून येणार असेल तर उत्तरेच्या. म्हणजे समुद्रात असलेल्या होड्यांना कळे, आसरा कुठे घ्यायचा. पण रीत अशी की तिघांचे हात एकदम दोराला लागले तरच पाटी वर जायची. एकाने हात आखडला की पाटी खाली. आणि पाटी खाली असताना ज्याची होडी किनाऱ्यावर राहील त्याला गाव वर्षभर भित्रा म्हणून चिडवायचं.

त्याच गावात देवकी राहायची. सगळे तिला देवकीकाकी म्हणत. नवरा तापात गेला, मागे एकुलता एक जगू. ती काथ्याचे दोर वळायची, रापणीचे. रापण म्हणजे गावकीचं मोठं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकून यायचं आणि मग त्याचे दोर किनाऱ्यावरून सगळ्या गावाने ओढायचे. म्हातारी, पोरं, सासवा, सुना, कालच भांडलेले भाऊ, सगळे एका दोराला. काकी दोर वळायची आणि ओढायची वेळ झाली की तीच हाक द्यायची, "दोर ओढतास काय नाय?" आणि गाव ओरडायचं, "ओढतंव!" तिचा आवाज असा होता की बैलसुद्धा मान वर करायचे, असं म्हणतात.

त्या वर्षी दसरा झाला, चित्रा नक्षत्र लागलं आणि हवा बिघडली. एरवी त्या दिवसांत पहाटे दव पडतं, अंगावर गोधडी घ्यावीशी वाटते. त्या वर्षी दवाचा थेंब नाही. सूर्य उगवायच्या आधीच घामाने पाठ भिजायची. डब्यातला गूळ पातळ झाला. देवापुढची ज्योत दिवसदिवस हलायची नाही. आणि संध्याकाळ झाली की कुठून तरी एकदम वावटळ यायची, माड पिळून काढायची, विजा कडाडायच्या, चार टपोरे थेंब पडायचे आणि पुन्हा सगळं चिडीचूप, पुन्हा तीच भट्टी. आश्विनात आंब्याला मोहोर आला. खेकडे चढून ओटीवर आले. कुत्री पाण्यात जाऊन उभी राहायची आणि कुणी हाका मारल्या तरी बाहेर यायची नाहीत. लहान मुलं विनाकारण रडायची. कुणाला नीट झोप नव्हती, कुणाला जेवण गोड लागत नव्हतं.

बैठकीला मात्र नुसतं उधाण आलं होतं. बोलायला एवढी हवा त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती! लाडोबा म्हणे, "ढगांची शेपटी बघा. वादळ येतला, दक्षिणेसून येतला." निळू म्हणे, "तुजी शेपटी घाल चुलीत. लाट बघ कशी तिरकी फुटता. वादळ येतला, पण उत्तरेसून." बाबल सकाळी दक्षिणेचा असायचा आणि दुपारी उत्तरेचा. बाजूने जाणारा कुणीही थांबायचा आणि भर घालायचा. कुणी म्हणे पडतील चित्रा तर भात न खाई कुत्रा, कुणी म्हणे त्यापेक्षा स्वातीची वाट बघा.

नीट ऐका हं, इथेच सगळी गोम आहे. वादळ येणार यावर तिघांचं एकमत होतं. तिघांच्याही पोटात गोळा आला होता. भांडण होतं ते फक्त कुठून येणार याचं. आणि कुठून ते ठरेना म्हणून पाटी चढेना. आणि पाटी चढली नाही म्हणून गाव म्हणायचं, वादळ नाही.

देवकीकाकी रोज दोर वळता वळता ते ऐकायची. तिला ढगातलं काही कळत नव्हतं आणि लाटेतलंही नाही. तिला एवढंच कळत होतं की तिघेही वादळ येणार म्हणतात आणि जगू रोज होडी घेऊन जातोय. त्याचं तांडेल म्हणून ते पहिलंच वर्ष. बांगड्याचे थवेच्या थवे आले होते, पोरं उतावीळ झाली होती. काकी त्याला म्हणायची, "बाबा, दोन दिस ऱ्हव." तो म्हणायचा, "आये, पाटी खंय वर हा?" आणि निघायचा.

शेवटी एका पहाटे ती उठली आणि तरातरा बैठकीत गेली. होड्या ढकलायची तयारी चालली होती. वारा इतका पडला होता की माणसांचा श्वास ऐकू यावा. तिघे म्हातारे तेव्हाही भांडतच होते.

"मेल्यांनो," काकी म्हणाली, "वारो खंयसून येता ता माका नको. येता काय नाय येता, तितक्याच सांगा."

"येता," लाडोबा म्हणाला.

"येता," निळू म्हणाला.

"येता," बाबलही म्हणाला.

"मग दोर ओढतास काय नाय?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघांनी हात मागे घेतले. माडवेळेत तांडेलाखेरीज त्या दोराला कुणी हात लावत नसे, बाईमाणूस तर नाहीच. तरी काकी पुढे झाली आणि तिने दोर धरला. तेवढ्यात बाबल म्हणाला, "काकी, पण खंयच्या बाजूक चढवतलंस?"

आणि काकीचा हात थांबला. तिला माहीत नव्हतं. चुकीच्या बाजूला पाटी चढवली आणि पोरं चुकीच्या खाडीत शिरली तर? तिने दोर सोडला. मागे वळून बघते तर होड्या पाण्यात गेल्या होत्या. जगूने लांबून हात हलवला. काकीने हात हलवला नाही.

दुपारी आभाळ तांब्याच्या भांड्यासारखं झालं. मग वारा आला. दक्षिणेकडून नाही आणि उत्तरेकडूनही नाही. तो समोरून आला, थेट पश्चिमेकडून! काठीचे दोन्ही आडवे हात कडकन मोडून पडले आणि लाडोबा, निळू, बाबल तोंडात मारल्यासारखे बघत राहिले.

होड्या परत आल्या, पण किनाऱ्याला लागेनात. खडकांच्या ओळीपलीकडे नांगर टाकून त्या वरखाली होत होत्या. अलीकडे लाटा माडाएवढ्या फुटत होत्या. अशा लाटेत होडी आडवी झाली की संपली. कुणी नाकासमोर ओढून घेतली तरच ती वाचते. पण ओढणार कोण आणि कशाने? किनाऱ्यावर बायका ऊर बडवत होत्या. नांगराचे दोर किती वेळ टिकणार ते सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा देवकीकाकी घरात गेली आणि तिने वर्षभर वळलेला रापणीचा नवा दोर ओढत बाहेर आणला. एका टोकाला फास केला, कमरेला घातला आणि दुसरं टोक लाडोबा, निळू आणि बाबलच्या हातात दिलं. "आता तरी धरा," एवढंच म्हणाली आणि समुद्रात शिरली.

असं म्हणतात, ती शिरली तेव्हा समुद्राने तिला कमरेइतकंच पाणी दिलं. लाट यायची, तिच्याजवळ येऊन दोन्ही बाजूंना फाटायची आणि पुढे जाऊन फुटायची. ती चालत गेली, असं म्हणतात. काही जण म्हणतात पोहत गेली. माझे आजोबा म्हणायचे, आई होती ती, कशीही गेली असेल.

पण दोर संपायला आला. ती अजून अर्ध्यावरही नव्हती. म्हाताऱ्यांनी आरोळी ठोकली आणि गाव धावलं. कुणी विहिरीचा दोर आणला, कुणी गुरांची दावी सोडली, कुणी पाळण्यातलं मूल काखेत घेऊन पाळण्याचा दोर काढला. बायकांनी पेटीतली लुगडी आणली, ठेवणीतली सुद्धा. गाठीला गाठ मारत गेले आणि दोर पुढे सरकत गेला. शेवटी गावात बांधायला काही उरलं नाही आणि अजून थोडा कमी पडत होता. तेव्हा त्या तिघांनी हातातलं टोक दुसऱ्यांकडे दिलं, मोडक्या काठीचा दोर सोडला, ज्याला त्यांनी एवढे दिवस मिळून हात लावला नव्हता तोच, आणि तिघांनी मिळून त्याची शेवटची गाठ मारली.

तेवढा पुरला.

काकीला वाटेत ज्या होड्या लागल्या त्या तिने एकेक करून दोराला बांधून घेतल्या. आधी दुसऱ्यांची लेकरं. जगूची होडी सगळ्यात लांब, खडकाला टेकलेली. तिथे पोचल्यावर तिने कमरेचा फास काढला आणि त्याच्या होडीच्या टोकाला घातला. आणि मग त्या गदारोळात तिचा आवाज किनाऱ्यावर ऐकू आला, असं म्हणतात.

"दोर ओढतास काय नाय?"

"ओढतंव!" सगळं गाव ओरडलं आणि ओढायला लागलं. हातांची सालटी निघाली, दोर रक्ताने भिजला, पण कुणी सोडला नाही. लाडोबाच्या पुढे निळू होता आणि निळूच्या पुढे बाबल, आणि तिघेही लहान मुलांसारखे रडत होते. एक होडी आली, दुसरी आली, मग सगळ्या आल्या. बायका आपापल्या माणसाला मिठ्या मारत होत्या. सगळ्यात शेवटी जगूची होडी वाळूला लागली.

जगू उडी मारून उतरला आणि त्याने मागे पाहिलं. मागे नुसतं पाणी होतं.

तो पुढे म्हातारा होईपर्यंत एकच सांगायचा. होडीचा मागचा भाग खडकात अडकला होता. तो म्हणत होता, आये, आधी तू वर ये. तिने ऐकलं नाही. मागून खांदा लावला आणि होडी खडकातून मोकळी केली. दोराला ओढ लागली, होडी निघाली, तेव्हा ती छातीभर पाण्यात उभी होती. ती म्हणाली, "तू फुडे हो. मी मागसून येतंय."

त्या रात्रीच हवा बदलली. पहाटे थंड वारा सुटला आणि पहिलं दव पडलं. जगू वाळूवर बसून होता. पुढेही कित्येक दिवस बसायचा.

त्यानंतर गावाने नवी काठी उभारली. तिला आडवा हात एकच आहे. पाटी कुणीही चढवावी, बाईने, पोराने, गावात आलेल्या पाहुण्याने सुद्धा. ज्याच्या पोटात गोळा आला त्याने चढवावी. पाटी वर दिसली की एकही होडी जात नाही आणि वारा कुठून येणार असं कुणी विचारत नाही. मध्ये एका चिमुरडीने वाईट स्वप्न पडलं म्हणून पाटी चढवली. समुद्र दिवसभर पिठाच्या परातीसारखा सपाट होता. पोरं धुसफुसली, पण घरी बसली. कुणी त्या मुलीला शब्दाने दुखावलं नाही.

आणि दर वर्षी, चित्रा लागल्यावर ज्या दिवशी पहिल्यांदा वारा पडतो आणि घाम फुटतो, त्या दिवशी घरटी एक दोराचा तुकडा किनाऱ्यावर येतो. विहिरीचा, गुराचा, पाळण्याचा, हल्ली नायलॉनचासुद्धा. सगळे एकमेकांना बांधतात. एक होडी त्याचं टोक खडकांपलीकडे नेते आणि रिकामा फास पाण्यात सोडून येते. मग गावातली एखादी म्हातारी हाक देते आणि गाव "ओढतंव" म्हणत तो ओढतं. फास येतो तो रिकामाच येतो. येणार कसा भरून?

पण फास आला म्हणून कुणी उठत नाही. दिवस मावळेपर्यंत सगळे वाळूवर बसून राहतात, पाण्याकडे बघत. गप्पा नाहीत, हवेवर तर नाहीच नाही. मग अंधारायला लागलं, मुलांना भूक लागली की एकेक जण उठतो, अंगाची वाळू झटकतो आणि समुद्राकडे तोंड करून म्हणतो, "काकी, आमी फुडे जातंव. तू ये मागसून."