गोडाचं पथ्य

कुरणवाडीच्या जहागीरदारांची सून सगुणा सात महिन्यांची गरोदर होती. वैद्य भास्करशास्त्री दर सोमवारी येऊन तिचा एकेक पदार्थ बंद करत. कच्ची पपई बंद झाली तेव्हा सुईण भागीरथीनंही मान डोलावली. पण मग आंबा गेला, खीर गेली, पुरणपोळी गेली, शेवटी शिराही गेला. सगुणा नुसत्या मऊ भातावर दिवस काढू लागली. उठताना तिला भोवळ येई.

एका सोमवारी भागीरथीनं धीर करून विचारलं, "शास्त्रीबुवा, पोर वाळत चाललीय. घरच्या तुपातला ताजा शिरा दिला तर काय बिघडेल?"

शास्त्री कडाडले, "तू मला शिकवणार? माझी आई नऊ महिने गोडाला शिवली नाही, म्हणून मी असा निपजलो!"

भिंतीला टेकून बसलेल्या सगुणानं डोळे उघडले. तिच्यात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. ती शेजारी बसलेल्या सासूकडे वळून हळूच म्हणाली, "सासूबाई, शिरा करा. मला गोड बोलणारं मूल हवंय."

दाराशी उभ्या असलेल्या जहागीरदारांना हसू आवरेना. शास्त्री पगडी सावरत निरोप न घेताच निघून गेले. सगुणानं तिकडे पाहिलंही नाही. थोड्या वेळानं शिऱ्याची वाटी पुढे आली, तशी ती सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खात राहिली.