राजाच्या गालावरचा घाव

फार जुन्या काळी समुद्रकाठच्या एका ग्रीक राज्यात तिमांदर नावाचा आठ वर्षांचा राजा होता. सिंहासनावर बसला की त्याचे पाय जमिनीला टेकत नसत. कारभार हेगियास नावाचा प्रधान पाहायचा. आईवडिलांविना वाढलेल्या या राजाला लहानाचे मोठे केले ते मेलिता दाईने.

राज्याच्या चांदीच्या नाण्यावर तिमांदरचा चेहरा होता. गोबरे गाल, कपाळावर कुरळी बट. मेलिताला त्या नाण्याचा फार अभिमान. येईल त्याला ती दाखवायची, "बघा, आमचे बाळराजे."

एके दिवशी शिपायांनी मीठ विकणाऱ्या रोडाला दरबारात ओढत आणले. तिने छिन्नी मारून नाण्यावरच्या राजाचा गाल कापला होता.

"हिचे हात तोडायला हवेत," हेगियास म्हणाला. "आज्ञेवर तुमची मोहोर तेवढी उमटवा, महाराज."

तिमांदरने रोडाला विचारले, "माझा गाल का कापलास?"

"वरून चांदी दिसते, महाराज. आत काय आहे ते कापल्याशिवाय कसे कळणार?" रोडा म्हणाली. "लोक माझे मीठ चाखून घेतात. मी कधी रागावले नाही."

"बाजारातली बाई राजाला शिकवायला निघाली," हेगियास हसला.

मोहोर तिमांदरच्या मुठीत होती. पोर रागावलेय, आता बाईचे हात जाणार, असे मेलिताला वाटले.

तिमांदरने मोहोर खाली ठेवली. "छिन्नी आणा. आणि खजिन्यातले एक नवेकोरे नाणे."

हेगियासचा चेहरा उतरला. "राजाने स्वतःचाच चेहरा कापायचा? अशुभ असते ते."

"गाल माझा आहे ना? मग मीच कापतो."

घाव बसला. चांदीच्या पातळ पापुद्र्याखाली लाल तांबे होते. बाकीची चांदी कुठे गेली, ते हेगियासच्या खाली गेलेल्या मानेनेच सांगितले.

तिमांदर ते नाणे घेऊन रोडाकडे वळला. मग म्हणाला, "मावशी, तुझे बरोबर होते. माझा चेहरा दाखवून लोकांना फसवले जात होते."

हेगियासला पदावरून काढले. खोटी नाणी भट्टीत गेली. कमी पडलेल्या चांदीसाठी राजवाड्यातली ताटे गेली, आणि तिमांदरचा खेळण्यातला चांदीचा घोडाही. तो त्याने स्वतः नेऊन दिला. परत येताना मेलिताचा हात मात्र त्याने घट्ट धरला होता.

पहिले नवे नाणे घेऊन तो रोडाकडे गेला. "काप."

"नको महाराज. आता विश्वास आहे."

"आधी काप. मग विश्वास ठेव."

छिन्नी बसली. आरपार पांढरीशुभ्र चांदी. त्यानंतर त्या बाजारात तिमांदरचे नाणे कोणी कापले नाही.

रोडाने कापलेले ते नवे नाणे मेलिताने मागून घेतले आणि गळ्यात बांधले. येईल त्याला ती गालावरची चीर दाखवायची आणि म्हणायची, "बघा, आमचे राजे."

तात्पर्य: आपल्याला पारखून बघणाऱ्यावर रागावू नये; आतून खरे असावे, म्हणजे पारखणाऱ्याची भीती उरत नाही.