केराआईची आमटी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण तांबडमाळात दोघांना विचारलं तर तीन उत्तरं मिळतात.

तेव्हा तांबडमाळाला माती नव्हती, असं म्हणतात. सगळा नुसता मुरूम. कुदळ मारली की ठिणगी उडायची, आणि एका म्हाताऱ्यानं त्या ठिणगीवर चिलीम पेटवली होती, असंही म्हणतात. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण जमीन कडक होती आणि बायकांच्या परसात हिरवं पान दिसणं मुश्कील होतं, एवढं मात्र खरं.

अशा गावात केरा सून म्हणून आली. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं तिचं नाव केरा ठेवलं होतं. केरकचऱ्याकडं कोण बघतंय? यमसुद्धा बघत नाही. आणि तसंच झालं, पोर जगली. सासरी निघताना आईनं तिच्या पदराच्या गाठीत वांग्याचं बी बांधलं. जांभळं, देठाला काटे असलेलं, निखाऱ्यावर टाकलं की साल आपसूक सुटणारं ते वांगं होतं.

"दुसरं काय द्यायला न्हाई ग," आई म्हणाली. "पर ह्याला मरू देऊ नगंस."

केरानं परसात, मोरीच्या पाण्याकडेला, ओळीनं बी टोचलं. रोपं उगवली, चार पानांवर आली आणि तिथंच थबकली. पिवळी पडली. मुरमात बिचाऱ्यांनी खायचं काय?

घरामागं उकिरडा होता. शेण, राख, पालापाचोळा, भाजीची देठं, सगळं त्यात कुजून काळंभोर व्हायचं. पण त्या गावची रीत अशी की परस बायकांचं, शेत पुरुषांचं आणि खत शेताचं. केरानं सासूला विचारलं. सासू स्वभावानं वाईट नव्हती, पण हातचं राखून देणारी होती.

"तळातलं ओंजळभर घे," ती म्हणाली. "जास्त घेतलंस तर तुझा सासरा मला बोलंल."

ओंजळभर खत आणि परसभर रोपं. कुणाला द्यायचं आणि कुणाला उपाशी ठेवायचं? केरा ती ओंजळ घेऊन परसात बसून राहिली. तेवढ्यात दारात पाहुणे आले. ठरल्यापेक्षा जास्त आले, पाहुणे तसेच येतात. सासूनं चुलीवरच्या आमटीत तांब्याभर पाणी ओतलं, गुळाचा खडा टाकला, पळीनं ढवळली आणि सगळी पंगत जेवू घातली. कुणी उपाशी उठलं नाही.

केरानं ते पाहिलं आणि तिला हसू आलं. मनात म्हणाली, असंच करायचं की.

काठ फुटलेला एक रांजण परसात पडला होता, तो तिनं पाण्यानं भरला. ओंजळभर खत जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलं आणि ती पुरचुंडी पाण्यात सोडली. आमटीला घालतात तसा गुळाचा खडा घातला. मग शेवग्याची एक काठी तोडली आणि येता-जाता ढवळायला लागली. सकाळी सडा घालताना ढवळी, भांडी घासून उठताना ढवळी, दिवेलागणीला ढवळी. सासूनं कपाळावर हात मारला.

"गूळ माणसांना पुरंना, आन तू मडक्याला चारतीस व्हय ग?"

"त्यात जीव हाय, आत्याबाई. भूक लागनारच."

दोन-चार दिवसांत पाण्यावर फेस आला. वास घाण येईना, ओल्या मातीसारखा छान येई. रांजणाला कान लावला तर आत कुणीतरी हळूहळू श्वास घेतंय असं ऐकू यायचं, असं म्हणतात. केरानं त्यात आणखी साधं पाणी घातलं, पातळ काढ्यासारखा रंग येईपर्यंत. उन्हं उतरल्यावर कडुलिंबाच्या डहाळीनं पानांवर शिंपडलं, उरलेलं मुळाशी घातलं. शेजारणी कुंपणावरून बघत होत्या. त्यांनी नाव ठेवलं, केराची आमटी. उकिरड्याची आमटी करणारी सून आली म्हणून गावभर हशा झाला.

मग रोपं वाढली आणि हशा बंद झाला.

वांगी कशी झाली म्हणता? तांब्याएवढी. झाडांना काठ्यांचे टेकू द्यावे लागले. गावात खंडोबाचं ठाणं होतं आणि चातुर्मासात वांगं कुणी तोंडाला लावत नसे. चंपाषष्ठीला देवाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच खायचं. त्या चंपाषष्ठीला केराच्या एका वांग्याचं भरीत सात घरांनी खाल्लं, असं म्हणतात. सात नसतील, तीन असतील, पण तीनही काही कमी नाहीत. तेव्हापासून देवाच्या भरिताचा पहिला मान त्या काटेरी वांग्याला मिळाला.

केरा हातचं राखणारी नव्हती. जी मागेल तिला बी दिलं आणि आमटीही शिकवली. घरोघरी परसात रांजण बसले. दोडके कुंपणं ओलांडून शेजारच्या घरात शिरले आणि त्यावरून झालेली भांडणं अजून मिटलेली नाहीत. गुरवाच्या अंगणातला झेंडू असा फुलला की देवाला हार घालून उरलेला हार बैलांना पुरला. फुलपाखरं एकदा तांबडमाळात आली की दुसऱ्या गावची वाट विसरायची, असं म्हणतात.

वर्षं गेली. केराची केराबाई झाली, केराबाईची केराआई झाली. सासू गेली, नवरा गेला, लेक सासरी गेली. परसात ती, तिचा फुटक्या काठाचा रांजण आणि वांगी. लोक वाटेत भेटले की तिच्या पाया पडू लागले. तिला ते आवडत नसे. "पाया काय पडतुयास? ढवळलंस का आज?" असं विचारून ती पुढं जाई.

एका वर्षी लेकीचं बाळंतपण आलं. गौरी गेल्या आणि केराआई लेकीच्या गावाला निघाली. म्हंकाळ गुरव तिला वेशीपर्यंत पोचवायला आला. भला माणूस, देवावर जीव आणि केराआईवरही जीव.

"माझ्या रांजनाकडं बघ," ती त्याला म्हणाली. "हालता ऱ्हाऊ दे."

"डोळ्यात तेल घालून बघतो, आई," गुरव म्हणाला.

आणि त्यानं खरंच तसं बघितलं, तिथंच घात झाला.

परसात कुत्री-मांजरं फिरतात, म्हणून त्यानं तो रांजण देवळात नेला. जिच्या पुण्याईनं गाव हिरवं झालं तिचा रांजण, तो उघडा कसा ठेवायचा? त्यानं तोंडाला नवं पिवळं फडकं बांधलं. वर आंब्याची पानं आणि नारळ ठेवला. भंडारा वाहिला. दिवा लावला. गावातल्या बायकांनी ओटी भरली. त्यानंतर त्यात काठी घालायची कुणाची छाती होईना. देवाच्या कलशात काठी कोण घालणार? गावानं त्याला आमटी म्हणायचंही सोडलं. तीर्थ म्हणू लागले. घरोघरचे रांजण मग ओसाड पडले. देवळात तीर्थ असताना घरात आमटी कशाला करायची?

आत मात्र गुदमरायला लागलं होतं. रांजणाचा श्वास थांबला. दसऱ्याच्या सुमाराला गाभाऱ्यात दुर्गंधी सुटली. लोक नाकाला पदर लावून आत येत आणि म्हणत, देव जागृत आहे. दिवाळीआधी, वांगी फुलावर असताना, गुरवानं फडकं सोडलं आणि घरोघरी तीर्थ वाटलं. घट्ट, काळं, आंबलेलं. पातळ कुणी केलं नाही, कारण तीर्थात पाणी घालणं म्हणजे पाप. सगळ्यांनी श्रद्धेनं आपापल्या परसात ओतलं.

दिवाळीचे दिवे विझायच्या आत गावातलं एकूण एक वांग्याचं झाड माना टाकून मेलं. बी घरात कुणाच्या उरलं नव्हतं, सगळं पेरलेलं होतं. नवं बी धरायचं ते त्याच झाडांवर.

केराआई परतली ती अशा गावात. वेशीवरच तिला वास आला. ती घरी गेली नाही, तशीच हातातल्या गाठोड्यासकट देवळात शिरली. नारळ उचलून बाजूला ठेवला. रांजणात वाकून बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला रडताना गावानं तेव्हाच पाहिलं, पुन्हा कधी नाही.

"आई, देवाला वाहिलंय ते," गुरव म्हणाला.

"देवाला वांगं वाहायचं असतंय, म्हंकाळा. ही झाडाची आमटी हाय. आमटीवर फडकं बांधून तिची पूजा केलीस आन नासल्यावर लेकरांना वाढलीस."

तिनं रांजण आडवा केला आणि देवळाबाहेरच्या मुरमावर सगळं ओतून दिलं. लोक मागं सरकले. देव कोपणार, असं जो तो पुटपुटला. गुरवानं मान खाली घातली. त्या जागी पुढं बारा वर्षं गवत उगवलं नाही, असं म्हणतात.

मग केराआई आपल्या परसाकडं गेली. घर बंद असल्यामुळं तिथं कुणी तीर्थ ओतलं नव्हतं, पण पाणीही घातलं नव्हतं. सगळी ओळ वाळून कोळ झाली होती. कुंपणाच्या कोपऱ्यात, शेजारणीच्या मोरीचं पाणी जिथं पाझरत होतं तिथं, एकच झाड उभं होतं. तीन पानं, तीही पिवळी.

 ह्याला मरू देऊ नकोस, असं केराआईची आई म्हणाली होती, आणि आता त्या आईच्या बियाण्याचं सगळ्या जगात हे एवढंच उरलं होतं. पण घाबरून हातपाय गाळायचा तिचा स्वभाव नव्हता. तिनं कंबरेला पदर खोचला, रांजण घासून धुतला आणि वाटेवर, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या मध्येच मांडला.

"ज्याला बी पायजे त्यानं आपल्या उकिरड्याचं चिमूटभर आणावं," ती म्हणाली. "आन हितनं जाताना ढवळून जावं. पाया पडायचं न्हाई."

सगळं गाव आलं. चिमूट-चिमूट खत, गुळाचे खडे. पण काठी कुणी हातात घेईना. शेवटी म्हंकाळ गुरव पुढं झाला. त्यानं काठी धरली आणि ढवळलं. मग रांग लागली. शेताला जाणारा ढवळून जाई, पाण्याला जाणारी ढवळून जाई, भांडायला निघालेलाही आधी ढवळून मग भांडायला जाई. रांजण पुन्हा श्वास घ्यायला लागला. केराआई रोज संध्याकाळी कडुलिंबाच्या डहाळीनं त्या तीन पानांवर शिंपडत राहिली. तिनाची सहा झाली, मग फूल आलं, मग वांगं धरलं.

एकच वांगं. आणि चंपाषष्ठी उजाडली.

गाव परसाच्या कुंपणाशी जमलं. देवाचा मान कधी चुकला नव्हता. पण वांगं कोवळं होतं, आत बी धरलेलं नव्हतं. आज भाजलं तर देवाचं भरीत होईल आणि वाण संपेल. ठेवलं तर देव उपाशी राहील. कुणी म्हणालं देव आधी. केराआई झाडाजवळ बसली होती.

"खंडोबाला इचारा," ती म्हणाली. "त्याला यंदाचं भरीत पायजे का दरसालचं?"

गुरव मागं वळला. तो देवळात गेला. लोकांना वाटलं, कौल लावायला गेला. पण तो परतला तो भंडाऱ्याचं ताट आणि भाकरी घेऊन. त्यानं झाडापुढं बसून वांग्याला बोटानं भंडारा लावला, देठाला पिवळा दोरा बांधला, मुळाशी भाकरीचा नैवेद्य ठेवला आणि म्हणाला, "देवाला पोचलं. आता कुणी तोडायचं न्हाई."

त्या दिवशी देव स्वतः घोड्यावरून परसात आला, असं म्हणतात. घोड्याच्या टापेचा ठसा अजून दाखवतात. नीट बघितलं तर तो म्हशीचाही वाटतो, पण ते तिथं बोलायचं नाही. वांगं झाडावर पिकलं, पिवळंधमक झालं, आणि त्याच्या बियाण्यावर गाव पुन्हा उभं राहिलं.

केराआई पुढं पुष्कळ जगली. जायच्या दिवशी सकाळी तिनं रांजण ढवळला, काठी शेजारी जमिनीत रोवली आणि ओट्यावर टेकली. गुरव धावत आला. गावानं ठरवलं होतं की तिचं देऊळ बांधायचं. तिला त्याच्या डोळ्यांतूनच कळलं असावं.

"देवळात बसवू नगा रं मला," ती म्हणाली. "झाकण लावाल."

तिचे दिवस घालेपर्यंत त्या काठीला पालवी फुटली. तो शेवगा अजून आहे.

म्हणून तांबडमाळात केराआईचं देऊळ नाही, समाधी नाही, पादुका नाहीत. पहिलं वांगं आजही तिथं कुणी तोडत नाही. देठाला पिवळा दोरा बांधून ते बियाण्याला ठेवतात, आणि देवाला दुसरं देतात. घरोघरी परसाच्या वाटेवर बिनझाकणाचा रांजण असतो आणि त्यात त्याच शेवग्याची काठी. पाहुणा निघाला की त्याला पुन्हा या म्हणत नाहीत, जाताना ढवळून जा म्हणतात. आणि शहरातून आलेल्या एखाद्या पोरानं भक्तिभावानं रांजणाला हात जोडले, तर घरातली म्हातारी ते हात सोडवते आणि त्यात काठी देते.